‘गॅस झालाय’ म्हणत आणखी किती कार्यकर्ते गमावणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका बौद्धवाडीत आम्ही शोकसभेला गेलो होतो. गेलेला कार्यकर्ता आमच्याहून चार वर्षांनी लहान, गावशाखेचा चिटणीस. पंचवीस वर्षे चळवळीत होता. वर्गणीचे रजिस्टर असे ठेवायचा की मुंबई शाखेच्या हिशेबनिसाला त्यात एक खाडाखोड सापडू नये. वर्षावासाचे ग्रंथवाचन आटोपून रात्री साडेनऊला तो घरी आला आणि म्हणाला, छातीत जळजळतंय, डावा खांदा भरून आलाय. अंगाला दरदरून घाम सुटला होता. घरच्यांनी ओवा दिला, मग सोडा घालून लिंबूपाणी दिले, छातीला बाम चोळला. शेजारच्या जाणत्या माणसाने निर्वाळा दिला, ‘गॅस झालाय, सकाळपर्यंत उतरेल.’

रात्री एक वाजता उलटी झाली तेव्हा गाडीची शोधाशोध सुरू झाली. रिक्षा मिळेपर्यंत दोन वाजून गेले. पहिल्या दवाखान्यात ईसीजी काढणारा माणूस रात्रपाळीला नव्हता. दुसऱ्या ठिकाणी अनामत रकमेची गोष्ट निघाली. त्याच्या पत्नीने कानातले काढून टेबलावर ठेवले. पहाटे पाच वाजता तो गेला. मागे दोन शाळकरी मुले, म्हातारी आई आणि ते खाडाखोड नसलेले रजिस्टर.

शोकसभेत प्रत्येक वक्ता म्हणाला, ‘काळाने घाला घातला.’ आमची बोलण्याची पाळी आली तेव्हा आम्हाला ते वाक्य उच्चारवेना. रात्री साडेनऊ ते पहाटे पाच हे साडेसात तास होते, आणि त्यातले कित्येक तास आपल्या हातात होते. आपण बुद्धाचा कार्यकारणभाव मानणारी माणसे. दैवाला बोल लावून मोकळे होण्याची सोय आपल्याला नाही. मग या मृत्यूचे कारण काय, हे आपण शोधले पाहिजे की नाही? म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही, वकील आहोत. परंतु ज्या प्रश्नात वैद्यकशास्त्र, रस्ता, पैसा आणि कायदा हे चारही एकत्र येतात, त्यावर गप्प बसणे वकिलालाही शोभत नाही.

गरिबाचे हृदय वेगळे असते काय?

हृदय हा स्नायू आहे. तो शरीराला रक्त पुरवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. त्या वाहिनीवर अवलंबून असलेला स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. यालाच हार्ट अटॅक म्हणतात. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून गुठळी जितक्या लवकर हटेल तितका माणूस वाचतो, आणि वाचल्यानंतर पुन्हा काम करण्याजोगा राहतो.

आता एक अभ्यास पाहा. देशातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत हार्ट अटॅक किंवा तत्सम दुखण्याने दाखल झालेल्या २०,४६८ रुग्णांची पाहणी ‘क्रिएट’ या नावाने झाली आणि २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ होता ३६० मिनिटे. म्हणजे निम्मे रुग्ण सहा तासांनंतर पोहोचले! आणि ही शहरांतल्या रुग्णालयांची गोष्ट आहे. तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के होते, गरीब रुग्णांत ८.२ टक्के.

गरीब जास्त का मेले? गरिबाचे हृदय कमकुवत असते काय? अभ्यासकांनी मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरून पुन्हा आकडेमोड केली, तेव्हा गरीब-श्रीमंतांतले हे अंतर नाहीसे झाले. याचा अर्थ सरळ आहे. गरिबाला उपचार कमी मिळाले म्हणून गरीब जास्त मेला. जे अंतर उपचाराने नाहीसे होते त्याला नशीब म्हणत नाहीत, विषमता म्हणतात. आणि विषमतेशी लढण्याचा तर आपला पिढीजात अनुभव आहे.

आमच्या मते ही विषमता तीन ठिकाणी उशिराच्या रूपाने उभी राहते. घरात, वाटेवर आणि रुग्णालयाच्या दारात.

पहिला उशीर घरातला

छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे, ते दुखणे डाव्या वा दोन्ही हातांत, खांद्यात, जबड्यात, पाठीत जाणे, थंड घाम, धाप, मळमळ ही अटॅकची लक्षणे आहेत. मधुमेही माणसाला, म्हाताऱ्यांना आणि अनेकदा स्त्रियांना छातीत फारसे दुखतही नाही. नुसता दम लागतो, विलक्षण थकवा येतो, पोटाच्या वरच्या भागात कसेसेच होते. आपल्या मायबहिणी ‘जरा गळाल्यासारखं वाटतंय’ म्हणून चुलीपुढे बसून राहतात आणि घरातले कुणी विचारतही नाही.

अशा वेळी ओवा, सोडा, बाम यांत वेळ घालवायचा नाही. ‘गॅस’ हा निकाल ईसीजी काढल्यानंतर डॉक्टरने द्यायचा असतो. पहिला ईसीजी चांगला आला तरी दुखणे थांबले नसेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगायचे, कारण सुरुवातीच्या ईसीजीत कधी कधी काही दिसत नाही. रुग्णाला चालवत न्यायचे नाही, घाटी उतरायला लावायची नाही, मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायचे नाही. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून रस्त्यापर्यंत आणायचे. १०८ ला फोन लावायचा आणि ‘छातीत दुखतंय, हार्ट अटॅकची शंका आहे’ असे स्पष्ट सांगायचे. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवरच्या डॉक्टरला विचारून ३०० मिलीग्रॅमची गोळी चावून खायला द्यायची. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी मात्र विचारल्याशिवाय द्यायची नाही. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर तिने घात होतो.

माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास घेत नाही, तर त्याच्या तोंडावर पाणी मारत बसू नये. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबत राहावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. आपल्या किती विहारांत ही संध्याकाळ झाली आहे?

दुसरा उशीर वाटेवरचा

मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांचा हा लांबट जिल्हा. डोंगर, खाड्या आणि घाट. मंडणगडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी येणे म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास. रत्नागिरीहून कोल्हापूर आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर, आणि मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची रखडपट्टी आपण सगळ्यांनी हाडांनी मोजली आहे. २०२१ च्या जुलैत दरडी कोसळून आणि रस्ता खचून आंबा घाट बंद पडला, परशुराम घाटात दरड आली, चिपळूण पाण्यात बुडाले. त्या आठवड्यात ज्याच्या छातीत दुखले असेल त्याने कुठे जायचे होते?

रस्त्याचा हा प्रश्न खरा आहे, पण त्यावर वैद्यकशास्त्राकडे उत्तरही आहे, आणि ते आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. अटॅकच्या एका मोठ्या प्रकारात, ज्यात वाहिनी पूर्ण बंद पडते आणि ते ईसीजीवर दिसते, त्यात अँजिओप्लास्टी हा सर्वोत्तम उपचार आहे. मात्र ती दोन तासांच्या आत होण्यासारखी नसेल, तर जवळच्याच रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे, हा जगभर मान्य झालेला मार्ग आहे. स्ट्रेप्टोकायनेज हे त्यातले जुने आणि स्वस्त औषध. टेनेक्टेप्लेस हे नवे, एकाच टोचणीत देता येणारे, आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. पहिल्या दोन-तीन तासांत या इंजेक्शनचा फायदा सर्वांत जास्त, बारा तासांनंतर जवळपास संपतो. ते प्रत्येकाला चालत नाही. ज्याला पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आहे त्याला देता येत नाही, म्हणून निर्णय डॉक्टरनेच घ्यायचा.

म्हणजे खाडीपलीकडच्या माणसाचा जीव वाचवायला त्याच्या तालुक्यात हृदयशस्त्रक्रियेचे रुग्णालय असलेच पाहिजे असे नाही. ईसीजीचे यंत्र, ते रात्री दोन वाजताही चालवणारा माणूस, तो ईसीजी फोनवरून पाहून सल्ला देणारा तज्ज्ञ, आणि फ्रीजमध्ये ते इंजेक्शन, एवढे ग्रामीण रुग्णालयात पाहिजे. जिल्ह्यात डेरवणला वालावलकर वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचा आनंद आहेच. परंतु इमारतीच्या उद्घाटनाचे फोटो छापून येतात, तालुक्याच्या फ्रीजमध्ये इंजेक्शन आहे की नाही हे छापून येत नाही. ते विचारायला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे आणि दहा रुपयांचा अर्ज आहे.

तिसरा उशीर रुग्णालयाच्या दारातला

आता आमच्या धंद्यातले बोलतो. ‘आधी पैसे भरा’ हे वाक्य ऐकून आपला माणूस दारातून मागे फिरतो, कारण त्याला कायदा माहीत नसतो. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य जीव वाचवण्याचे आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजूर समितीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. हकीम शेख हा शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला होता. सरकारी रुग्णालयांनी त्याला एकामागून एक परत पाठवले, शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे मोजावे लागले. मजुरांच्या संघटनेने हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. तातडीच्या रुग्णाला वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि निधी नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि नुकसानभरपाई दिली. कुणा धनिकाने हा निकाल मिळवलेला नाही, शेतमजुरांच्या संघटनेने मिळवला आहे, हे आपण विसरू नये.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना घालून दिली. निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत, दुर्बल घटकांसाठी दहा टक्के सवलतीत, आणि तातडीच्या निर्धन रुग्णाकडून अनामत मागायची नाही. रुग्णालय धर्मादाय आहे की नाही, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ च्या जुलैपासून राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली असून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही त्यात बसतात, मात्र योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातच. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागदपत्रे नंतर दिली तरी चालतात. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला गाठल्याशिवाय कानातले काढून टेबलावर ठेवू नका.

आणि स्टेंटचे काय? वाहिनी उघडी ठेवण्यासाठी बसवायच्या या जाळीदार नळीची किंमत एकेकाळी रुग्णाकडून लाख-दीड लाख घेतली जात असे. बीरेंदर सांगवान या वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात लढा दिला. २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्याआधी औषधी स्टेंटची सरासरी किंमत १,२१,४०० रुपये होती, असे प्राधिकरणाचाच हिशेब सांगतो. एका रात्रीत किंमत चौथ्या हिश्श्यावर आली. कारखाना तोच होता, नळी तीच होती. मग वरचा पैसा इतकी वर्षे कुणाच्या खिशात जात होता? किंमतनियंत्रण आजही आहे. बिलात स्टेंटचा प्रकार आणि किंमत वेगळी लिहून मागा.

चळवळीच्या माणसाने तब्येत पाहायची नाही काय?

हे झाले अटॅक आल्यानंतरचे. पण तो यावाच कशाला? ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये दाखवले की पहिल्या अटॅकचा नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींत सामावलेला आहे. धूम्रपान, रक्तातली बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारूचा प्रश्न. याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास आलेला दिसला, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी.

आता आपल्या घरात डोकावू. मशेरी लावणारी आजी, बिडी ओढणारे काका, तंबाखू मळत मीटिंगमध्ये बसणारे आम्ही. जेवणात सुका बांगडा, बोंबील, लोणचे, पापड. म्हणजे मिठावर मीठ. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, एक चमचाभर मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुकी मासळी गरिबाचे पावसाळ्यातले कालवण आहे, ती सोडा असे आम्ही म्हणणार नाही. तासभर पाण्यात भिजवा, ते पाणी टाका, कालवणात वरून मीठ घालू नका, आणि त्या दिवशी पापड-लोणचे बंद ठेवा.

रक्तदाब १४०/९० च्या वर सतत राहात असेल तर गोळी लागते, आणि ती रोज लागते. ‘बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केली’ हे आम्ही दर दुसऱ्या घरात ऐकतो. बरे वाटते आहे ते गोळीमुळेच! गोळ्या महाग नाहीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हव्यात. शेजारच्या सिंधुदुर्गाचा समावेश उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात २०१७-१८ च्या पहिल्या टप्प्यातच झाला होता. नोंदणी, ठराविक दोन-तीन साधी औषधे आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढीच ती पद्धत आहे. तसेच ज्याला स्टेंट बसला त्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नयेत. स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी धरली तर ती जीवघेणी ठरते.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात, ‘बाबासाहेबांनी कुठं तब्येत पाहिली?’ हे म्हणणे बाबासाहेबांच्या चरित्राला धरून नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या नसांचे दुखणे होते. त्यांनी उपचार घेतले, पथ्ये पाळण्याचा प्रयत्न केला, औषधे घेतली आणि त्या आजारी शरीरानिशी घटना लिहून पूर्ण केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते गेले. वय अवघे ६५. ते आणखी दहा वर्षे राहिले असते तर, हा विचार ज्याच्या मनात आला नाही असा आंबेडकरी माणूस नसेल. मग तोच विचार आपल्या गावच्या चिटणिसाबद्दल, महिला मंडळाच्या अध्यक्षाबाईंबद्दल आपण का करत नाही? त्यांनीच लिहिलेल्या घटनेचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्य मानते. ते कर्तव्य मागून घ्यायलाही माणसे जिवंत लागतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात एक रक्तदाबाचे यंत्र ठेवा. जयंतीच्या एका बॅनरच्या खर्चात ते येते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब महिन्यातून एकदा मोजा आणि वर्गणीच्या रजिस्टरशेजारी त्याचे रजिस्टर ठेवा. विहाराच्या भिंतीवर १०८ क्रमांक, जवळ ईसीजी कुठे निघतो ते ठिकाण, योजनेतल्या रुग्णालयांची नावे आणि रात्री गाडी देणाऱ्या दोघांचे नंबर मोठ्या अक्षरात लिहा. ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन आहे का, हे प्रत्येक तालुका शाखेने माहितीच्या अधिकारात विचारा. मुंबई शाखेने गणपती-शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांपैकी कुणी परिचारिका, डॉक्टर असेल तर छाती दाबण्याचे प्रशिक्षण घडवून आणा.

त्या शोकसभेनंतर त्याची पत्नी आम्हाला म्हणाली, ‘दादा, मला कुणी सांगितलं असतं ना, तर मी ओवा नसता दिला.’ तिला आजवर कुणी सांगितले नाही, यात आमचाही दोष आहे. आम्ही तिच्या वाडीत वीस वर्षांत पन्नास भाषणे केली असतील. त्यातले एकही या विषयावर नव्हते.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे या विषयाला द्या, एवढीच विनंती.

जयभीम!